गालिच्यातला शूचा वास: ओतायचं कमी, ओढायचं जास्त

बेळगावच्या हिंदवाडीतल्या एका ताईंनी विचारलंय: "घरी दीड वर्षाचा लॅब्रॅडॉर आहे. पिल्लू असताना तीन-चार महिने हॉलमधल्या गालिच्यावर शू करायचा. तेव्हा फिनेलने पुसून घेत होतो. नंतर सुगंधी स्प्रे मारला, मार्चमध्ये एकाकडून शॅम्पूही करून घेतला. एप्रिल-मे छान गेले. जूनचा पाऊस लागला आणि परत तोच वास. आता वास जाईना झालाय वो. गालिचा टाकून द्यायचा की काही होईल?"

ताई, एप्रिल-मेमध्ये तो वास झोपला होता एवढंच. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना, तसंच हे आहे. लघवीतलं पाणी उडून जातं, पण युरिया आणि क्षार धाग्यांच्या बुडाशी आणि पाठीच्या कापडात बसून राहतात. कोरड्या हवेत ते गप्प असतात. झड लागली, दोरीवरचे कपडे चार-चार दिवस वाळेनात, की हेच क्षार हवेतला ओलावा ओढून घेतात. जंतू परत कामाला लागतात, युरियाचा अमोनिया होतो आणि दार उघडल्याबरोबर नाकात झिणझिण्या येतात. माझ्याकडे वासाचे फोन येतात ते बहुतेक जून ते सप्टेंबर. दिवाळीच्या तोंडावर येतात ते डागाचे, कारण पाहुणे यायचे असतात.

गालिचे, सोफे, जमखाने धुण्याचं काम मी 22 वर्षं करतोय. आजोबा वडगावला मागावर बसायचे. कुठलंही कापड हातात आलं की आधी उलटी बाजू बघायची, ही सवय त्यांची, आणि या धंद्यात मला सगळ्यात जास्त तीच उपयोगी पडली. कारण डाग वरून वाटीएवढा दिसतो, तोच उलट्या बाजूने ताटाएवढा निघतो.

कॅम्पातल्या एका जुन्या बंगल्यात, लष्करातून निवृत्त झालेल्या साहेबांकडे काश्मीरहून आणलेला गालिचा होता. वरून बघितलं तर एक कोपरा जरासा फिकट, बाकी काही नाही. मी आणि माझ्या पोऱ्याने तो उचलून उलटा टाकला. पाठीवर मधोमध गडद तपकिरी, मग पिवळट, मग परत तपकिरी, अशी एकात एक पाच-सहा वर्तुळं, झाडाच्या कापलेल्या खोडावर असतात तशी. साहेब वाकून बघत राहिले. "हे सगळं आमच्या बंड्याचं?" बंड्या दारात बसून शेपटी हलवत होता. दोन वर्षं त्या कोपऱ्यावर वरून शॅम्पू घासला जात होता, आणि एकेक वर्तुळ म्हणजे एकेक वेळ ओलं होऊन वाळलेली कड होती.

लघवी वरून पडते ती सरळ खाली उतरते, पाठीच्या कापडाला लागली की आडवी पसरते, आणि खाली फोम घातला असेल तर तो ती पिऊन घेतो. शॅम्पूचा फेस वरच्या टोकांना लागतो. त्यात शॅम्पूवाल्याने बादलीभर पाणी ओतलं आणि ओढून मात्र घेतलं नाही, तर वरची घाणही खालच्यांना जाऊन मिळते. तुमच्या गालिच्याचं मार्चमध्ये बहुधा हेच झालंय. बाटलीत काय आहे यापेक्षा ओतलेलं किती परत बाहेर काढलं, यावर हे काम ठरतं. म्हणून घरी करायचं असेल तर पहिला खर्च औषधावर करू नका. पाणी ओढणारा व्हॅक्युम, वेट अँड ड्राय म्हणतात तो, कुणाकडून तरी दोन दिवसांसाठी मागून आणा. साध्या झाडण्याच्या व्हॅक्युमने पाणी ओढायला जाऊ नका, मोटर जळेल आणि शॉकही बसेल.

फिनेलचं आधीच सांगून टाकतो. फिनेलने वास जात नाही, वर एक दुसरा वास बसतो, आणि आपल्या नाकाला फसवता आलं तरी कुत्र्याच्या नाकाला नाही. त्याला खालची स्वतःची खूण बरोबर कळते आणि तो तिथेच परत येतो. घरात मांजर असेल तर फिनेल बंदच करा. त्यातले फिनॉल मांजराच्या यकृताला पचवता येत नाहीत, आणि मांजर पाय चाटत असतं. नीलगिरीचं तेल आणि डांबरगोळ्या यांचंही तसंच. कपडे पांढरे करायचं ब्लीच तर लघवीवर कधीच ओतू नका. अमोनिया आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरामाइनचा वायू होतो. बंद बाथरूममध्ये डोळे चुरचुरून, छाती भरून बाहेर पळालेली माणसं मी बघितली आहेत.

आता शोधायचं कसं. रात्री दिवे बंद करून अतिनील टॉर्च मारली की जुनी लघवी पिवळट-हिरवट चमकते. टॉर्च 365 नॅनोमीटरची घ्या. स्वस्तातल्या 395 वाल्या जांभळा उजेडच फार पाडतात आणि त्यात फिकी चमक नीट दिसत नाही. पण टॉर्चवर आंधळा विश्वास नको. अनगोळात एका घरी टॉर्च लावली तर अख्खा हॉल दिवाळीसारखा उजळला. घरच्या अक्का मटकन खालीच बसल्या, म्हणाल्या, एवढं एकट्याने? ते कुत्र्याचं नव्हतं. त्या दर रविवारी गालिचा कपड्यांच्या पावडरीने पुसायच्या, आणि पावडरीत कपडे उजळ दिसावेत म्हणून जे घालतात तेही या उजेडात चमकतं. तेव्हा चमकेल तिथे खडूने खूण करा, मग गुडघ्यावर बसून नाक लावून खात्री करा. लाज वाटेल, पण यापेक्षा भरवशाचं यंत्र माझ्याकडेही नाही.

पाण्याचा थेंब टाकण्याआधी गालिचा कशाचा आहे ते कळलं पाहिजे. कडेचा एक धागा तोडून चिमट्यात धरून पेटवा. केस जळल्याचा वास आला आणि राख बोटाने चुरली तर लोकर. वितळून कडक मणी झाला तर नायलॉन किंवा पॉलिप्रॉपिलीन. कागदासारखा भसकन जळला तर सूत किंवा ताग. मग पाठ बघा. पुढची नक्षी पाठीवर गाठीगाठीने जशीच्या तशी दिसत असेल तर तो हाताने गाठी मारलेला गालिचा, आणि तो जपण्यासारखा आहे. पाठीवर साधं जाड कापड चिकटवलेलं असेल तर तो टफ्टेड. भदोही-मिर्झापूरकडून येणारे, दुकानात लोकरीचे म्हणून मिळणारे बरेचसे असेच असतात. त्या कापडाखाली लॅटेक्सचा, म्हणजे रबरी चिकाचा थर असतो. लघवी त्या थरात मुरली की मी हात टेकतो. चीक हळूहळू मरतो, पांढरा भुगा पडायला लागतो, आणि थरातला वास धुऊन निघत नाही.

हे सगळं मी पोथी वाचल्यासारखं सांगतोय, पण शिकलोय ते मार खाऊन. धंद्यात पडून तिसरं वर्ष असेल. खानापूर रोडवरच्या एका घरातला लोकरीचा गालिचा, मधे डाळिंबी लाल, कडेने दुधाळ पट्टी. मांजराचा वास होता. मी गरम पाणी घेतलं आणि त्यात मूठभर धुण्याचा सोडा टाकला, आई पायपुसणी तशीच धुवायची म्हणून. दहा मिनिटांत लाल रंग सुटून दुधाळ पट्टीत शिरला. मी कपडा दाबत गेलो तसा तो आणखी पसरत गेला. लोकरीला अल्कली आणि उष्णता दोन्ही सोसत नाहीत हे मला त्या दिवशी कळलं. भरपाई आठ महिने हप्त्याने फेडली. तेव्हापासून नियम असा: पाणी गार, आणि आधी कोपऱ्यात पांढरं ओलं फडकं पाच मिनिटं दाबून ठेवायचं. फडक्याला रंग लागला तर घरी हात घालायचा नाही.

रंग सुटला नाही, तर मग काम असं. गालिचा उचलून उलटा टाका. खाली फोम असेल आणि त्याला वास लागला असेल तर फोम फेकून द्या, तो वाचवण्यात अर्थ नाही. पाठीच्या बाजूने, डागाच्या कडेपासून चार बोटं बाहेरपर्यंत साधं गार पाणी टाका आणि लगेच व्हॅक्युमने ओढा. परत टाका, परत ओढा. टाकीत येणारं पाणी पहिल्यांदा चहासारखं असतं, मग लिंबूसरबतासारखं, मग गढूळ, मग स्वच्छ. स्वच्छ येईपर्यंत थांबायचं नाही. माझा अनुभव विचाराल तर निम्मा वास या साध्या पाण्यानेच जातो, आणि लोक नेमकी हीच पायरी कंटाळा करून गाळतात.

त्यानंतर स्वयंपाकघरातलं पांढरं व्हिनेगर तेवढ्याच पाण्यात मिसळून शिंपडा, दहा मिनिटं राहू द्या, ओढून घ्या, साध्या पाण्याने एकदा धुऊन परत ओढा. अमोनिया अल्कली आहे, व्हिनेगरच्या आम्लाने तो मरतो. व्हिनेगरऐवजी लिंबू पिळू नका, त्यातली साखर मागे राहते आणि धागा चिकट होतो.

मग एन्झाइमचं औषध. पाळीव प्राण्यांच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळतं. बाटलीवर एन्झाइम किंवा बॅक्टेरिया असं लिहिलेलं असावं आणि तारीख उलटून गेलेली नसावी. यात लोक चुकतात ते दोन ठिकाणी. एक म्हणजे अत्तरासारखं फुसफुस मारतात. लघवी जिथवर गेली तिथवर औषध पोचलं पाहिजे, म्हणजे भिजलं पाहिजे. दुसरं, तासाभरात पुसून टाकतात. एन्झाइमला ओल आणि वेळ लागतो. वर प्लास्टिकचा कागद टाकून कडा दाबा आणि 12 ते 24 तास तसंच राहू द्या. मधेच जंतुनाशक, फिनेल, गरम पाणी असलं काही घातलंत तर तो सगळा मालमसाला मरतो. मधे वास वाढल्यासारखा वाटेल, घाबरू नका. दुसऱ्या दिवशी साधं पाणी टाकून ओढून काढा.

घरी गूळ, लिंबा-मोसंबीच्या साली आणि पाणी तीन महिने मुरवून करतात ते बायोएन्झाइम चालेल का, असं पुष्कळ जण विचारतात. फरशी पुसायला मी स्वतः वापरतो. गालिच्यावर मात्र नको. त्याला गुळाचा रंग असतो, साखर पूर्ण मुरलेली नसली तर मुंग्या लागतात, आणि लघवीसाठी जे एन्झाइम हवं ते त्यात असेलच असं नाही.

डाग उरला असेल तर हायड्रोजन पेरॉक्साइड. आपल्याकडे औषधाच्या दुकानात मिळतं ते बहुतेक 6 टक्क्यांचं असतं, ते तेवढंच पाणी घालून 3 टक्क्यांवर आणा. फक्त फिक्या रंगाच्या सिंथेटिक गालिच्यावर, आधी कोपऱ्यात तपासून. लोकर, रेशीम, गडद रंग यांच्या वाटेला ते जाऊ देऊ नका. उरलेलं मिश्रण झाकण घट्ट लावून ठेवू नका, बाटली फुगून फुटू शकते. वाफेची मशीनही लघवीवर चालवू नका. उष्णतेने डाग आणि वास दोन्ही धाग्यात पक्के होतात.

आणि आता वाळवणं. पुण्या-मुंबईचे व्हिडिओ बघून करणारे लोक इथेच फसतात. बेळगावात जुलै-ऑगस्टमध्ये पूर्ण भिजवलेला लोकरीचा गालिचा दोन-तीन दिवसांत वाळणं अशक्य आहे, खानापूर-जांबोटीकडे तर विचारूच नका. ओला गालिचा दीड-दोन दिवसांच्या वर तसाच राहिला की बुरशीची सुरुवात होते, मग लघवीचा वास बरा म्हणायची पाळी येते. म्हणून पावसाळ्यात मी मोठे गालिचे घेतच नाही, गिऱ्हाईक रागावलं तरी. फार वास असेल तर तेवढाच तुकडा धुवायचा, गालिचा दोन खुर्च्यांवर तरंगता ठेवायचा म्हणजे खालूनही वारा लागतो, आणि वरून-खालून एकेक पंखा रात्रभर चालू ठेवायचा. पूर्ण धुलाई दसऱ्यानंतर, पाऊस उघडला की. उन्हातही पाठ वर करून टाका, नाहीतर एका बाजूचा रंग उडतो. पूर्ण वाळल्यावर खाण्याचा सोडा भुरभुरून रात्रभर ठेवा आणि सकाळी व्हॅक्युमने काढा. खाण्याचाच सोडा, धुण्याचा नव्हे. माझी डाळिंबी गोष्ट आठवा.

एवढं सगळं करून गालिचा परत टाकतात आणि आठवड्यात वास येतो. का? फरशी कुणी बघितलीच नसते. जुन्या टिळकवाडी-शहापूरच्या घरांत शहाबादी फरशी असते, ती लघवी पिते, आणि सांधे त्याहून जास्त पितात. शहाबादी हा चुनखडीचा दगड आहे, त्यावर व्हिनेगर पडलं की पांढरे, खरबरीत डाग पडतात आणि ते परत पॉलिश केल्याशिवाय जात नाहीत. संगमरवराचंही तेच. म्हणून मी गालिचा फरशीवर धूतच नाही, गच्चीत किंवा अंगणात नेतो. फरशीला साधं पाणी, सांध्यांत एन्झाइम, वर ओलं फडकं अंथरून एक रात्र. लाल कोब्यालाही असंच.

जमखाना असेल तर तुम्ही नशीबवान. नवलगुंदचे सुती जमखाने आपल्याकडच्या पुष्कळ घरांत आहेत. सूत लोकरीपेक्षा पाणी सोसतं. रंग तपासून अख्खा जमखाना टपात गार पाण्यात बुडवायचा, दोनदा पाणी बदलायचं, मग एन्झाइमच्या पाण्यात एक रात्र. घोंगडीलाही गार पाणी, पण चोळायची नाही आणि मशीनमध्ये घालायची नाही, आटून पाटासारखी होते. तागाची चटई मात्र भिजली की आपणच तपकिरी पडते, तिच्यावर मेहनत घेऊ नका.

ताजी शू दिसली तर याच्यातलं काहीच करावं लागत नाही. जुन्या सुती धोतराच्या किंवा पंच्याच्या चार घड्या घालून वर ठेवा आणि टाच देऊन उभं राहा. घासू नका. फडकं बदला, परत उभं राहा. मग थोडं पाणी, परत तेच. पाच मिनिटं ओढलं तर पाच महिने वाचतात.

मांजर पाळणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. मांजराच्या लघवीत फेलिनीन नावाचं द्रव्य असतं, ते फुटलं की गंधकाचा उग्र वास सुटतो. खच्ची न केलेल्या बोक्यात ते सर्वांत जास्त. हा वास व्हिनेगरने जात नाही, एन्झाइमचे दोन-तीन हात द्यावे लागतात. बोका खच्ची करून घेतला तर फवारे मारणं बहुतेक वेळा थांबतं. वाळूची ट्रे जेवढी मांजरं तेवढ्या, आणि वर एक. बोका ट्रेमध्ये सारखा जाऊन बसतोय आणि थेंबही येत नाहीये असं दिसलं, तर गालिच्याचं सोडा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. मूत्रमार्ग अडकलेला बोका एक-दोन दिवसांतही जाऊ शकतो.

तुमच्या गालिच्याबद्दल ताई, आज एवढंच करा: एक कोपरा उलटा करून पाठ बघा. चिकटवलेलं कापड असेल आणि बोटाने दाबल्यावर पांढरा भुगा पडला, तर माझ्यासकट कुणालाही पैसे देऊ नका, गालिचा टाकून द्या आणि फरशीचे सांधे तेवढे धुऊन घ्या. गाठी दिसल्या किंवा पूर्ण सिंथेटिक निघाला, तर वास येतो तेवढा तुकडा साध्या पाण्याने ओढून पंख्यावर वाळवा आणि बाकीचं दसऱ्यानंतर. शॅम्पूवाल्याला परत बोलावू नका.

आणि एक बघा. दीड वर्षाचा लॅब अजून घरात शू करतोय का, की हा फक्त जुनाच वास आहे? अजून करत असेल आणि पाणीही जास्त पीत असेल, तर सकाळची पहिली लघवी स्वच्छ स्टीलच्या वाटीत धरा, झाकणाच्या बाटलीत ओता आणि त्याच सकाळी जनावरांच्या दवाखान्यात तपासायला द्या. वाटी धरायला पळीला बांधून घ्या, नाहीतर तो दचकून सगळी तुमच्या पायावर करेल.